कोकणात रायफल नको, बारा बोअरच नीट वापरू द्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही दिवस आपल्या पत्रांच्या सदरात रानडुकरांबद्दल पत्रं येत आहेत. भात लोळवलं, सुरण उकरून खाल्ला, काजूच्या कलमांची मुळं उघडी पडली, असं लोक लिहितात आणि त्यात काडीचंही खोटं नाही. भात दुधावर आलं की कळप मळ्यात उतरतो, आणि खातो त्याच्या दुप्पट तुडवतो. माझ्याही दोन कुणग्यांत, म्हणजे भाताच्या लहान खाचरांत, कापायला काही उरलं नव्हतं. पण या पत्रांतून आता एक नवी मागणी पुढे येते आहे, ती म्हणजे शेतकऱ्याला रायफल द्या. एका वाचकाने तर कोणत्या मापाची रायफल डुकराला चांगली, .२२३ की .२४३, की सरळ .३०-०६ (हे आकडे गोळीच्या जाडीचे, इंचांत), याची चर्चाच केली आहे. ती वाचून राहवलं नाही म्हणून हे लिहितो आहे.

मी सैन्यात आर्मरर होतो. बंदुका उघडणं, तपासणं, दुरुस्त करणं हेच काम. ७.६२ मिलिमीटरची एसएलआर आणि नंतर ५.५६ ची इन्सास या सैन्यातल्या दोन्ही रायफली हाताखालून गेल्या. निवृत्त झाल्यावर राजापूर तालुक्यात, जैतापूर खाडीच्या वरच्या अंगाला, आंबा-काजू आणि थोडा मळा करतो. शेतीसंरक्षणाचा परवाना वडिलांच्या वेळेपासून घरात आहे. तेव्हा ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची, होती, आता एकनळी बारा बोअर, म्हणजे गुळगुळीत नळीची काडतुसाची बंदूक, आहे.

मापांची ही चर्चा कुठून आली ते मला ठाऊक आहे. आमच्या वाडीतली मुलंही मोबाईलवर ऑस्ट्रेलियातल्या आणि टेक्सासमधल्या डुकरांच्या शिकारीचे व्हिडिओ बघतात. त्या लोकांचा हिशेब त्यांच्या जमिनीपुरता अगदी बरोबर आहे. नजर पोचेल तिथवर मोकळं कुरण, दोन-तीनशे मीटरवरचं जनावर, मागे मैलभर वस्ती नाही. तिथे .२२३ ची साडेतीन-चार ग्रॅमची गोळी सेकंदाला जवळजवळ हजार मीटरच्या वेगाने सुटते, सरळ रेषेत जाते, खांद्याला धक्का फारसा देत नाही. कोल्हे, ससे यांना ती पुरते. डुकरालाही पुरते, पण नेम अचूक असेल तरच. .२४३ ही १९५५ साली विंचेस्टर कंपनीने काढली. .३०८ या मोठ्या मापाच्या काडतुसाचंच पितळी केस, त्याची मान आवळून बारीक केलेली. हलकी गोळी घातली की कोल्ह्याला, जड घातली की हरणाला, अशी एकच रायफल दोन्हीकडे चालते, म्हणून ती तिकडे इतकी खपली. इंग्लंडात तर मोठ्या हरणाला .२४० इंचाच्या खालची रायफल वापरायला कायद्यानेच बंदी आहे, आणि गोळीची ताकद किमान किती हवी तेही लिहून ठेवलेलं आहे. जनावर जखमी होऊन तडफडत फिरू नये, हा त्यामागचा हेतू. मला तो कायदा फार आवडतो. आपल्याकडे डुक्कर मारायचा परवाना मिळतो तेव्हा त्यात असं काही लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

पण आपल्या जमिनीवर पहिला प्रश्न गोळी डुकराला मारेल का हा नाहीच. डुकराला मारेल अशी गोळी मिळेल. ती डुकराला लागून पलीकडे गेली, किंवा चुकून बाजूने गेली, तर थांबेल कुठे, हा प्रश्न आधी सोडवायला लागतो.

आपला मुलूख डोळ्यांसमोर आणा. खाली मळा, मळ्याच्या काठाने पाखाडी म्हणजे दगडी पायवाट, पाखाडीला लागून घरं, वर बागा, आणि बागांच्या वर सडा, म्हणजे कातळाचं पठार. एका वाडीपासून दुसरी वाडी फार तर अर्धा किलोमीटर. मधे झाडी इतकी की पन्नास पावलांपलीकडचं माणूस दिसत नाही, पण गोळीला झाडी आडवी येईलच असं नाही. सड्यावर जांभा दगड उघडा. आता कातळशिल्पं बघायला बारसू, देवाचे गोठणे या बाजूला पहाटेपासून माणसं फिरत असतात. २०२२ साली कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं तेव्हापासून तर लांबलांबून येतात. काजूच्या दिवसांत बायका उजाडायच्या आधी बिया वेचायला बागेत शिरलेल्या असतात. रात्री खाडीला कुर्ल्या पकडायला बत्ती घेऊन पोरं जातात. रिकामी अशी वेळ इथे नाही आणि रिकामी अशी दिशाही नाही.

आणि अंतरं काय ती सांगतो. .२२ ची अडीच ग्रॅमची चिमुकली गोळी, जिला लोक खेळणं समजतात, तिच्या परदेशी डब्यावर दीड मैलापर्यंत धोका असल्याचं छापलेलं असतं. .३०-०६ ची गोळी नळी वर असेल तर साडेतीन किलोमीटरच्या पुढेही जाते. म्हणजे आमच्या मळ्यातून उडवलेली गोळी खाडी ओलांडून पलीकडच्या गावात.

दुसरी गोष्ट जांभ्याची. कठीण दगडावर शिशाची गोळी तिरकी बसली की ती आत घुसत नाही, घसरून उडते, आणि कोणत्या दिशेने जाईल ते कोणी सांगू शकत नाही. भरलेल्या कुणग्यातल्या पाण्यावरूनही कमी कोनात गेलेली गोळी तशीच उडते. आमच्या वरच्या बागेच्या बेड्याजवळ, म्हणजे फाटकाजवळ, एक कातळ आहे. त्यावर बोटभर लांबीची रेघ आहे, कडेला जांभा फुटून ताजा लाल दिसतो आणि मधोमध शिशाचा राखाडी पट्टा चिकटलेला आहे. रात्री कोणीतरी डुकरावर झाडलेली ती गोळी होती. कोणी, ते मी इथे लिहिणार नाही. तिथून पुढे ती उजवीकडे वळली आणि शेजाऱ्यांच्या गोठ्याच्या कौलातून आत शिरली. कौल फुटलं, पाडी दावणीला बिचकली, एवढ्यावर भागलं. कातळापासून गोठ्यापर्यंत मी स्वतः दोरी धरून पाहिली. गोळी सुटली त्या रेषेत गोठा नव्हताच.

म्हणून मी म्हणतो की आपल्या मुलखात बारा बोअरची बंदूक योग्य आहे. ती जुनी आहे म्हणून नव्हे, तिची मर्यादा आपल्या जमिनीच्या मर्यादेत बसते म्हणून. एल.जी.च्या काडतुसात नऊ मिलिमीटरच्या आसपासचे सहा-सात मोठे छर्रे असतात. वीस-पंचवीस पावलांवर ते एका जागी बसतात आणि डुक्कर जागेवर पडतं. तीस-पस्तीस पावलांपुढे ते इतके फाकतात की एखादाच लागतो, आणि तो मारत नाही, जखमी करतो. म्हणून पंचवीस पावलांपुढे एल.जी. झाडायचं नाही, हा नियम मी कोणालाही सांगतो. बॉलचं काडतूस, म्हणजे एकच जड शिशाची गोळी, चाळीस पावलांपर्यंत चांगलं काम करतं. पण बॉलही वर उडवला तर किलोमीटरभर जाऊ शकतो हे लक्षात ठेवायला हवं. तेव्हा बॉल वापरायचा तो फक्त वरून खाली, मातीकडे.

आमच्या मळ्यात फणसावर माळा आहे, जमिनीपासून दोन पुरुष उंच. समोरच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, डुकरांनी पाडलेली खिंड आहे, तिच्यातूनच कळप आत येतो. माळ्यापासून खिंड बावीस पावलं. नेम धरला की नळी खालीच झुकते, आणि गोळी चुकली तरी चार-पाच हातांवर चिखलात रुतते. ही जागा निवडायला मला एक अख्खा पावसाळा पायवाटा, खुरांचे ठसे, वाऱ्याची दिशा बघत घालवावा लागला. डुकराचं नाक फार तिखट. खारं वारं पाठीमागून असेल तर कळप खिंडीच्या अलीकडेच थबकतो आणि परत फिरतो. माप कोणतं याच्या शंभरपट महत्त्वाची ही जागा आहे.

नेम कुठे धरायचा हेही कोणी शिकवत नाही. रानडुकराचं काळीज खूप खाली असतं, पुढच्या पायांच्या मधोमध, लोकांना वाटतं त्याहून बरंच खाली. जनावर आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेवरून वर जायचं आणि अंगाच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात थांबायचं. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट ढालीसारखा थर असतो, त्यात लांबून मारलेले छर्रे अडकून राहतात. समोरून येणाऱ्या डुकरावर बार टाकायचा नाही. मागे दुसरं जनावर किंवा पिल्लं असतील तर थांबायचं. जखमी नर दिवस उजाडेपर्यंत करवंदीच्या जाळीत दबा धरून असतो, आणि सकाळी गुरं घेऊन जाणाऱ्या पोराला त्याचे सुळे लागतात.

.३१५ बद्दल मात्र न्यायाने बोललं पाहिजे. ही आपल्याच देशात ईशापूरच्या कारखान्यात बनणारी रायफल. ब्रिटिशांच्या काळात लष्करी मापांच्या बंदुका सामान्य माणसाला मिळू नयेत असं धोरण होतं, .३०३ तर आजही निषिद्ध मापात आहे, त्यामुळे .३१५ हे वेगळं माप रुजलं. आठ मिलिमीटरची, सुमारे सोळा ग्रॅमची मऊ टोकाची गोळी. वेग बेताचा, पण वजन भरपूर. मऊ टोक मांसात शिरलं की फुलतं आणि ताकद जनावरातच उतरवतं. सैन्यातली पूर्ण तांब्याच्या आवरणाची गोळी सहसा तशी फुलत नाही, आरपार निघून जाते. डुकरासाठी .३१५ उत्तम आहे यात वाद नाही. पण ती तालुक्यात दोन-चार तपासलेल्या, सराव असलेल्या माणसांकडे असावी, वनखात्याने बोलावलं की माळ्यावर बसून खालीच नेम धरणाऱ्यांकडे. घरोघरी नको.

आणि कायदाही हेच सांगतो, हे रायफल मागणाऱ्यांनी वाचलेलं दिसत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते, नळी किमान वीस इंचांची. रायफल त्या तरतुदीत येतच नाही, तिच्यासाठी वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं. .२२ चा उल्लेख त्याच कलमात आहे, पण रायफल क्लबच्या सभासदाला निशाणबाजीसाठी. कायदा लिहिणाऱ्यांनी शेतं आणि वस्ती जवळजवळ असतात हे ध्यानात घेतलं असावं असं मला वाटतं.

तसंच हातात बंदुकीचा परवाना आला म्हणजे डुक्कर मारायचा परवाना आला असं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत, आहे. कलम ११ प्रमाणे पिकाचं नुकसान होत असेल तर अधिकारी लेखी कारणांसह परवानगी देऊ शकतात. तो कागद हातात पाहिजे. आणि मारलेलं जनावर सरकारचं, ते घरी न्यायचं नाही. मटणाच्या आशेने जे परवान्याला भुलतात त्यांनी या भानगडीत पडू नये. गवा पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्याकडे नळी वळवणं हा गुन्हा. वानर-माकडांचा त्रास मलाही आहे, पण त्यांच्यावर गोळी हा उपाय नव्हे आणि या पत्राचा तो विषयही नाही. एवढंच सांगतो, .१७७ ची छर्र्याची एअरगन वीस ज्यूल ताकदीपर्यंत परवान्याशिवाय मिळते म्हणून पोरं ती घेऊन वानरांवर आणि डुकरांवर झाडतात. अर्ध्या ग्रॅमचा तो छर्रा डुकराच्या कातडीत जेमतेम घुसतो, आणि वानराचा डोळा जातो. घरच्या मोठ्यांनी हे थांबवलं पाहिजे.

मग रायफल नको म्हणतो तर करायचं काय, असं कोणी विचारेल. आज परवान्याच्या बंदुकीला जितके अडथळे येतात तितके जास्त लोक फासक्यांकडे आणि गावठी बॉम्बकडे वळतात, हे मी डोळ्यांनी पाहतो आहे. तारेच्या फासकीत डुकराऐवजी बिबट्या अडकतो आणि दोन-दोन दिवस तडफडतो. गावठी बॉम्ब चावून गाईचा जबडा फाटतो. वीजप्रवाह सोडलेल्या तारेने माणसं मेली आहेत. यांच्यापेक्षा माळ्यावर बसलेला, कागद जवळ असलेला, बारा बोअरवाला शेतकरी कितीतरी बरा. त्याला मदत करा एवढंच माझं म्हणणं आहे.

मदत म्हणजे काय तेही नेमकं सांगतो. पहिली गोष्ट काडतुसांची. मला एल.जी.ची काडतुसं घ्यायला घाट चढून कोल्हापूरला जावं लागतं, आणि बॉल तिथेही दर वेळी मिळत नाही. मग लोक जे मिळेल ते भरतात. पाखरांचे बारीक छर्रे डुकरावर झाडतात, किंवा जुनी, ओल लागलेली, पितळ हिरवं पडलेली काडतुसं वापरतात. ओल्या काडतुसाचा बार उशिरा होतो, तोवर माणसाने बंदूक उघडायला घेतलेली असते. बार झाला नाही तर नळी मातीकडे धरून निदान अर्धा मिनिट थांबा, हे परवाना देताना एकदा तरी कोणी सांगितलं आहे का?

दुसरी गोष्ट तपासणी. आपल्या हवेत बंदूक टिकवणं हे रोजचं काम आहे. पावसाळ्यात आठवडाभर नळी पुसली नाही तर आतून गंजाचे खड्डे पडतात. त्याहून वाईट म्हणजे कुंभारीण माशी. खुंटीला टांगलेल्या बंदुकीच्या नळीत ती मातीचं घरटं बांधते, बाहेरून काही दिसत नाही, आणि बार टाकला की नळी फुटते. गावात एक बंदूक माझ्याकडे दुरुस्तीला म्हणून आणली. परवानाधारी दुरुस्तीवाल्याकडे न्या असं सांगून मी परत पाठवणार होतो, तेवढ्यात सवयीने नळीतून उजेड पाहिला. उजेड दिसलाच नाही. काठीने ढोसल्यावर वाळलेल्या मातीचा वीतभर गोळा निघाला, आत अळ्या भरलेल्या. त्याच रात्री ती बंदूक मळ्यात जायची होती. वर्षातून एकदा, भात पोटरीत यायच्या आधी, तालुक्याला तपासणीचा एक दिवस ठेवला तर असे अपघात टळतील. त्याच दिवशी प्रत्येकाकडून मातीच्या बांधापुढे वीस पावलांवर दोन बार करून घ्यावेत. ज्याला तेवढ्यावरून घमेल्याएवढ्या खुणेवर मारता येत नाही त्याला डुकराचा परवाना देऊ नये. हे कडक वाटेल, पण जनावराच्या आणि शेजाऱ्याच्या दोघांच्याही भल्याचं आहे.

तिसरी गोष्ट निवडणुकीची. २०१९ ची विधानसभेची निवडणूक २१ ऑक्टोबरला झाली, २०२४ ची २० नोव्हेंबरला. आचारसंहिता त्याच्या बऱ्याच आधी लागते आणि बंदुका ठाण्यात जमा होतात. म्हणजे भात पिकून उभं असताना किंवा कापून पडलेलं असताना बंदूक कपाटात कुलपाखाली, आणि डुकरांना मात्र मळा मोकळा. ज्याच्यावर एकही गुन्हा नाही, ज्याचा परवानाच शेतीसंरक्षणाचा आहे, त्याच्याकडून एकनळी काढून घेण्याआधी त्याच्या शेतात काय उभं आहे हे कोणी पाहावं, इतकी अपेक्षा वावगी नाही.

आणि शेवटची मागणी वनखात्याकडे. परवानगीच्या कागदावर तीन ओळी वाढवा. बंदूक आणि काडतूस कोणतं. जास्तीत जास्त अंतर किती. आणि बार कुठून, कोणत्या दिशेला, मागे माती आहे की नाही. अर्ज आला की वनरक्षकाने ती जागा स्वतः बघावी आणि माळ्यावर चढून खाली पाहावं. जिथे समोर कातळ, पाण्याने भरलेला कुणगा किंवा घर असेल तिथे नाही म्हणावं आणि दुसरी जागा सुचवावी. एका संध्याकाळचं काम आहे. यंदाचं भात पसवायच्या आत हे झालं तर निदान आमच्या तालुक्यात तरी रायफलीची मागणी करायची कोणाला गरज पडणार नाही.

आपला,
एक बागायतदार व निवृत्त सैनिक
ता. राजापूर, जि. रत्नागिरी